दोन फेऱ्यांचं कुलूप

त्या शनिवारी दुपारी मी किल्लीवाल्यांच्या टपरीवर पोलादाची एक पातळ पट्टी घ्यायला गेलो होतो. काम एवढंच होतं. कुलूप उघडायची माझी जुनी ताणपट्टी टोकाशी वाकली होती आणि नवी घासून करायची होती. पट्टी हातात घेऊन मी ती उजेडात फिरवून बघत होतो, तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

"भावजी, तुमची ती हत्यारं घेऊन याल का? आज. दोनच्या आत या."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. शेजारच्या घरून साखर मागावी तसा. पण 'दोनच्या आत' म्हणताना त्या मध्येच थांबल्या, हे मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं आहे.

आधी छंदाचं सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

मी कवळ्या बनवतो. दंतवैद्य माप पाठवतात आणि मी मेण, प्लास्टर, कानशी घेऊन बसतो. सव्वीस वर्षं हेच चाललं आहे. एकटा राहतो. चार वर्षांपूर्वी माझ्या कामाच्या टेबलाचा खण लागून गेला, किल्ली आत. मेण कोरायच्या दोन सळ्यांनी मी तो अर्ध्या तासात उघडला. आत किल्ली आणि जुनी बिलं, बाकी काही नव्हतं. तरी कुलूप उघडतानाचा तो बारीकसा झटका बोटांना कळला, तो विसरता येईना. दुसऱ्या दिवशी मी खण मुद्दाम लावला आणि पुन्हा उघडला.

मग नवशिके करतात तेच केलं. चोवीस हत्यारांचा संच मागवला, चेनच्या पाकिटातला. तो घेऊन किल्लीवाल्यांकडे गेलो. म्हातारा माणूस, बसथांब्यामागे टपरी, डोळ्याला भिंग लावलेलं. त्यांनी पाकीट उघडलं, एकेक हत्यार काढून फळीवर मांडलं आणि म्हणाले, "एवढे चमचे? जेवायला कोण कोण येणार आहे?"

"कुठलं घेऊ मग?"

"एक उचलायला आणि एक ताण द्यायला. बाकीचे बावीस कुणा शत्रूला भेट द्या. आणि ही दोनही स्वतः घासून करा. विकतच्याला टोक असतं, पण त्याच्यातून बोटाला काही समजत नाही."

तसं मी केलं. करवतीच्या पात्यापासून, छत्रीच्या काडीपासून हत्यारं घासली. कवळीला चमक आणायच्या पावडरीने ती गुळगुळीत केली. प्रत्येक कुलपाला वहीत एक पान दिलं. आतली कुठली पिन आधी अडते, कुठली शेवटी, किती वेळ लागला, सगळं टिपलं. किल्लीवाल्यांनी दोन नियम घालून दिले होते. वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही. आणि अडलं की जोर वाढवायचा नाही, कमी करायचा. "जोर लावला की बोटं बहिरी होतात," ते म्हणायचे.

दोन्ही नियम मी मोडले, तेही एकाच दुपारी.

आता दादाचं. माझा मोठा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. शाळेत गणित शिकवायचा. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत त्याला विसर पडायला लागला. आधी नावं गेली, मग वार, मग घर. तो बाहेर पडायचा आणि गल्लीतल्या कुठल्याही दाराशी उभा राहून ते आपलंच समजून ढकलायचा. एकदा मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडला, दोन्ही बाजूंनी ट्रक, आणि हा रस्त्यावरचे पांढरे पट्टे मोजत उभा. वहिनी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायच्या. सांभाळणारी बाई दोनला जायची आणि वहिनी चारला यायच्या. मधले दोन तास दादाजवळ कुणी नसायचं.

"त्यांच्या खोलीला कुलूप लावू या," वहिनी म्हणाल्या. "साधी कडी त्यांना काढता येते, भावजी. काल त्यांनी बिजागरीच उतरवली."

कुलूप मी निवडलं. मीच निवडायचं होतं ना, घरात तेवढंच तर मला कळतं असं सगळे म्हणायचे. दाराच्या जाडीत बसणारं, सहा लिव्हरचं, जुन्या घडणीचं जड कुलूप. एक फेरा दिला की त्याची जीभ चौकटीत बोटभर जाते, दुसरा दिला की आणखी बोटभर. किल्लीचं भोक आरपार असतं, म्हणजे आतून आणि बाहेरून एकाच किल्लीने चालतं. लिव्हर म्हणजे आत एकावर एक रचलेल्या पितळी पट्ट्या. सहाच्या सहा नेमक्या उंचीला आल्या तरच जीभ सरकते. एक जरी केसभर खाली राहिली तरी नाही.

दारात बसवायच्या आधी मी ते माझ्या टेबलावर शिकंज्यात धरलं. आतली बाजू माझ्याकडे केली होती, कारण त्या बाजूचं झाकण निघतं आणि अडलं तर लिव्हर बघता येतात. एकेचाळीस दुपारी त्याच्यापुढे बसलो. पाच लिव्हर यायच्या, सहावी येत नव्हती. बेचाळिसाव्या दिवशी मी वहीत लिहिलं, 'हे मला उघडत नाही. दादासाठी हेच.' लिहिताना मला अभिमान वाटला होता. ते अक्षर अजून तसंच आहे, ठळक, खाली रेघ मारलेलं.

मी कुलूप बसवत होतो तेव्हा दादा खाटेवर बसून बघत होता. त्या दिवशी तो बराच भानावर होता.

"किल्ली दोन्हीकडून लागते का रे, बारक्या?"

"हो."

"मग एक मला दे."

मी हसलो. वहिनी पण हसल्या. काय करणार. तोही आमच्याकडे बघून हसला, आणि मग कुलपाकडे बघत बसला, फळ्यावर गणित मांडून मुलांना वेळ दिल्यासारखा.

पाचव्या महिन्यात, दोन ते चारच्या मध्येच कधीतरी, तो गेला. वहिनी आल्या तेव्हा दार ढकललं जाईना. तो दाराला पाठ टेकून बसला होता. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. उजव्या अंगठ्याच्या पेरावर काळानिळा वण होता, खोल, काहीतरी बारीक आणि कडक खूप दिवस दाबून धरल्यासारखा. त्याबद्दल कुणी विचारलं नाही. मला कळलं होतं. मलाही तिथेच असा वण पडला होता, शिकताना. मी गप्प राहिलो.

सगळं आटोपल्यावर वहिनींनी खोली लावली, एक फेरा देऊन, नेहमीसारखी. दोन्ही किल्ल्या नाल्यात टाकल्या.

हे झालं त्या फोनच्या दोन महिने आधी. आता त्या शनिवारची दुपार.

वहिनींचं घर निम्मं खोक्यांत गेलं होतं. रविवारी सकाळी त्या मुलीकडे राहायला जाणार होत्या, कायमच्या. घर घेणारे लोक सोमवारी येणार होते. पडदे काढलेले, भिंतींवर तसबिरींचे फिकट चौकोन. चहा दिला तो कानतुटक्या कपात. "चांगले बांधून झाले," त्या म्हणाल्या. मग पदराने हात पुसत माझ्यासमोर बसल्या.

"भावजी, मी तुम्हाला वेडी वाटेन."

"बोला तर."

"खोलीतून आवाज येतो. दोन वाजता सुरू होतो. मी रजा काढून घरी राहिले तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आधी एकच यायचा. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक."

"उंदीर असेल."

"मलाही तेच वाटलं. पण नंतर दोन यायला लागले. लागोपाठ, संथ. टिक, टिक. मग सगळं एकदम खाली पडल्यासारखं. आणि परत पहिल्यापासून. पंधरा दिवसांनी तीन. गेल्या आठवड्यात पाच झाले. मी मोजते, दुसरं काय करणार. पाच झाले की बराच वेळ शांत असतं. मग कुणीतरी श्वास सोडल्यासारखं... आणि सगळे पडतात. चारला थांबतं."

कप माझ्या हातात होता, तो मी खाली ठेवला. वहिनींना कुलपाच्या आतलं काही माहीत नाही. लिव्हर किती, त्या कशा उचलतात, खाली पडताना कसा आवाज करतात, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

"मी त्यांना कोंडून जाणार नाही," वहिनी म्हणाल्या. "जिवंतपणी कोंडलं ते कोंडलं. आता परक्यांच्या हातात ते दार देऊन मी गाडीत बसू? तुम्ही उघडा. तुम्हीच लावलंत."

मी हत्यारांची गुंडाळी सोडली.

बोळ अरुंद होता आणि त्याला खिडकी नाही. भर दुपारी तिथे पावशेर उजेड, तोही स्वयंपाकघरातून येणारा. दाराजवळ गेल्यावर वास आला. बंद खोलीचा, आणि त्यात लोखंडाचा, खूप वेळ मुठीत धरलेल्या किल्लीचा येतो तसा. मी गुडघ्यांवर बसलो. भोकाला कान लावला.

दोनला तीन मिनिटं कमी होती. काही नव्हतं. मग घरातलं शेवटचं न काढलेलं घड्याळ वाजलं, आणि अगदी माझ्या कानाशी, कुलपाच्या पत्र्याच्या पलीकडे...

टिक.

वहिनी मागे भिंतीला टेकल्या. एक बोट वर केलं.

टिक. दोन बोटं.

मी तो आवाज एकेचाळीस दुपारी ऐकला होता. चुकणं शक्य नव्हतं. दुसरी लिव्हर, मग तिसरी, मग चौथी. घाई नव्हती. एकेक जागेवर आली की थोडं थांबायचं, ताण तसाच धरून ठेवायचा, मग पुढची. माझ्यापेक्षा चांगला हात होता. पाचवी आली. वहिनींचा पंजा पुरा उघडला होता.

"दादा," मी भोकापाशी म्हणालो. "मी आहे. धरून ठेव. सहावी मी उचलतो."

पलीकडे सगळं थांबलं. सोडलं नाही, थांबलं. मी जाड सळी आत घातली, जिभेवर ताण द्यायला. मग बारीक. बारीक सळीच्या टोकाने मी मोजत गेलो. पाच लिव्हर वर होत्या, हवेत धरल्यासारख्या, खाली दाबल्या तरी दबत नव्हत्या. फक्त सहावी सैल. हीच ती, मला कधी न आलेली. पण आता बाकीच्या पाच कुणीतरी स्थिर धरल्या होत्या, त्यामुळे सगळं लक्ष मला हिच्याकडे देता आलं. मी तिच्याखाली टोक नेलं. उचललं. पुन्हा थोडं. केसभर.

बसली.

खोटं सांगणार नाही. त्या क्षणी मला भीती नव्हती, आनंद होता. लहानपणी दादा मला सायकल शिकवताना मागून सीट धरायचा, आणि कधी सोडली ते मला कळायचंच नाही, तसं काहीतरी वाटलं. आम्ही दोघांनी मिळून उघडलं.

मी जाड सळी फिरवली. जडपणा जाणवला. उलटी ओढ होती, कुणी तीच सळी दुसऱ्या बाजूला खेचत असावं अशी. मला वाटलं, दोन महिन्यांचा गंज असेल. मी जोर वाढवला. ओढ वाढली. मी दोन्ही हातांनी जोर लावला, आणि जीभ सरकली.

खट्.

मोठा आवाज झाला. बोळात घुमला.

"उघडलं?" वहिनींनी विचारलं.

मी मूठ धरून दार ढकललं. हललं नाही. पूर्वी ते थोडंसं खडखडायचं, एवढी फट होती. आता तेही नाही. चौकटीशी एकजीव झालं होतं.

माझा हात अजून सळीवर होता, उजवीकडे वळलेला. मी हाताकडे बघितलं. एकेचाळीस दुपारी मी हे कुलूप आतली बाजू माझ्याकडे करून धरलं होतं. हाताने त्या बाजूने उघडायचं शिकून घेतलं होतं. आतून उघडायला उजवीकडे. बाहेरून उघडायला डावीकडे. मी बाहेर होतो.

"भावजी, उघडलं ना? आवाज तर आला."

"दुसरा फेरा बसला, वहिनी," मी म्हणालो. "तो बंद झाल्याचा आवाज होता."

आतून आधी एक लिव्हर पडली. मग दुसरी. नेहमीसारख्या एकदम नाहीत, एकेक, कुणी हातातली भांडी एकापाठोपाठ एक खाली ठेवावीत तशा. शेवटची पडल्यावर भोकातून काहीतरी बारीक मागे ओढलं गेलं, मला ते माझ्या सळीला घासून जाताना कळलं. मग दार किंचित आत गेलं. कागदाच्या जाडीइतकंच. पलीकडून टेकलेलं वजन निघून गेल्यावर जातं, तेवढं.

मी चारपर्यंत खटपट केली. दादाला हाका मारल्या. सहाही लिव्हर मेल्यासारख्या पडल्या होत्या, एक उचलली की दुसरी पडायची. आत काहीही हललं नाही. मध्ये एकदा वहिनी दाराजवळ आल्या, माझ्या डोक्यावरून हात पुढे करून त्यांनी दारावर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "अहो. ते चुकले. मुद्दाम नाही केलं त्यांनी." एवढं बोलून त्या खोकी बांधायला निघून गेल्या. बाकीची दुपारभर चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत राहिला.

पाचच्या सुमारास मी किल्लीवाल्यांना घेऊन आलो. त्यांना फक्त एवढंच सांगितलं की किल्ली हरवली आहे आणि माझ्या हातून उलटा फेरा बसला. ते वाटेत मला चिडवत होते. "चार वर्षं शिकून कुलूप लावायला शिकलात. माझी शिकवणी फुकट गेली नाही म्हणायची." दाराशी बसून त्यांनी आपलं हत्यार घातलं, डोळे मिटले. दोन मिनिटं झाली असतील. त्यांनी डोळे उघडले, हत्यार काढून घेतलं आणि टोक धोतराला पुसलं.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"बरं," ते म्हणाले. पिशवीतून पातळ करवत काढली आणि फटीतून जीभच कापायला घेतली. पाऊण तास लागला. एवढ्या वेळात एकदाही त्यांनी तोंड भोकासमोर येऊ दिलं नाही. बाजूला सरून, मान वाकडी करून कापत होते.

दार उघडलं तेव्हा वहिनी उंबऱ्याजवळ होत्या. त्या बाजूला सरल्या, कुणी जाणार असेल तर वाट द्यावी तशा, आणि पदर नीट केला. आम्ही तिघं थोडा वेळ उभे राहिलो. कुणी आलं नाही.

खोली रिकामी होती. खाट, टेबल, खुर्ची, सगळ्यांवर धूळ. जमिनीवरही सलग धूळ, एकही पाऊल उमटलेलं नाही. फक्त दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीलगत हातभर जागेत, काही वस्तू एका ओळीत मांडल्या होत्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. चष्म्याची एक काडी. चमच्याचा दांडा. पडद्याच्या स्प्रिंगची तार. कंपासमधलं टोक. शर्टच्या हँगरचा आकडा. प्रत्येकाला वळण दिलेलं, प्रत्येकाचं टोक घासून गोल केलेलं, बहुतेक जमिनीच्या फरशीवर. त्यांच्यावर धूळ नव्हती. किल्लीवाल्यांनी चष्म्याची काडी उचलली, भिंगाखाली धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे ज्याने केलं," ते शेवटी म्हणाले, "त्याला शिकवायला माझ्याकडे काही नाही."

पैसे न घेता गेले. त्या दिवसानंतर मी टपरीवर गेलो तर ते कामाचं तेवढं बोलतात.

वहिनी रविवारी सकाळी गाडीत बसल्या. निघताना त्यांनी कापडात गुंडाळलेलं कुलूप माझ्या हातात दिलं. "हे घर घेणाऱ्यांना नको. तुमच्याकडे असू दे." माझ्याकडे बघितलं नाही. पोचल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला.

कुलूप मी टेबलाच्या खणात ठेवलं. सोमवारी दुपारी मी एका कवळीचे दात बसवत होतो. दोन वाजले. खणातून आवाज आला.

टिक. मग बराच वेळ काही नाही.

एकच. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होती.

मी ते काढून शिकंज्यात धरलं. या वेळी बाहेरची बाजू माझ्याकडे. ताण डावीकडे. हे मी एका कागदावर लिहून समोर चिकटवलं आहे. आता रोज दोन वाजता बसतो. तीन आठवडे झाले तरी पलीकडून एकाहून जास्त लिव्हर आली नाही. मग दोन. तो भराभर शिकायचा, आता वेळ लागतोय. माझ्यावर पुन्हा विश्वास बसायला वेळ लागत असेल. चाळिसाव्या दिवशी त्याने पाच धरल्या आणि मी सहावी उचलली. सळी डावीकडे फिरवली. उलटी ओढ नव्हती. जीभ, कापलेली असली तरी जेवढी उरली होती तेवढी, एक फेरा मागे आली, मग दुसरा. उघडलं.

आणि मग मी टेबलाशी बसून राहिलो. कुलूप उघडलं होतं, पण दार कुठे होतं? उघडून मी त्याला जायला काय दिलं होतं? शिकंजा, त्यामागे भिंत. लिव्हर बराच वेळ वरच धरलेल्या होत्या. तो वाट बघत होता. चारला त्या पडल्या. दुसऱ्या दिवशी जीभ पुन्हा दोन फेरे बाहेर होती आणि पलीकडून फक्त एक टिक आली.

म्हणून काल मी सुताराला बोलावलं. माझ्या मागच्या खोलीला चांगलं जाड दार आहे. कुलूप त्यात बसवायचं, नवी जीभ लावून, म्हणजे निदान उघडायला काहीतरी होईल. सुतार तरणाताठा, बडबड्या. आल्या आल्या त्याने विचारलं, "साहेब, एकटेच राहता आणि आतल्या खोलीला एवढं कुलूप? सोनंनाणं आहे की काय?" मी म्हटलं, भाऊ यायचाय. "मग कुलूप कशाला?" तो म्हणाला आणि हसला.

त्याने दाराला खाच पाडली, छान सरळ. मग कुलूप हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं आणि भोकाला डोळा लावला.

"बुजलंय हे," तो म्हणाला. "उजेडच दिसत नाही."

भोक बुजलेलं नव्हतं. सकाळीच मी त्यातून आरपार तार घालून तेल दिलं होतं. मी तसं सांगणार होतो. पण त्याने सवयीने ओठ जवळ नेले आणि भुसा उडवायला मारतात तशी भोकात फुंकर मारली, लगेच पुन्हा डोळा लावला.

मग तो मागे सरकला. कुलूप त्याने टेबलावर ठेवलं, टाकलं नाही, सावकाश ठेवलं, आणि बाहीने डोळा पुसू लागला. पुसतच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही." त्याचा आवाज उतरला होता. "परत आली."

"काय परत आली?"

"फुंकर," तो म्हणाला.